सासरे म्हणतात हलवू नको, नणंद म्हणते मोठी कुंडी घे

पत्राचा सारांश: सांगलीच्या गावभागातून एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. घरात त्या, पती, सासरे आणि तीन वर्षांचा मुलगा. हॉलमध्ये पीस लिलीची आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी आहे, पुण्याच्या नणंदेनं २०१८ च्या दिवाळीत दिलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालची सगळी बाग गेली, पण ही एक कुंडी सासऱ्यांनी उचलून वरच्या मजल्यावर नेली म्हणून वाचली. तेव्हापासून तिची माती बदललेली नाही. गेले दोन-तीन महिने झाड रोज संध्याकाळी मान टाकतं आणि पाणी घातलं की रात्रीत उठतं. घातलेलं पाणी मात्र लगेच ताटलीत उतरतं. पानांची टोकं करपली आहेत, खालची पानं पिवळी पडतात, दीड वर्षात फूल नाही. नणंदेनं चौदा इंची पांढरी सिरॅमिकची कुंडी पाठवली आहे, तिला तळाला भोक नाही. १८ मेला भाच्याच्या वाढदिवसाला त्या येणार आहेत आणि झाड त्या कुंडीत दिसावं असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. सासरे हातच लावू देत नाहीत, कारण गेल्या मे महिन्यात कढीपत्त्याची कुंडी बदलली आणि तो आठ दिवसांत वाळला. बाईंचा प्रश्न असा: 'दोघांपैकी कुणाचं ऐकू? आणि आरओचं वाया जाणारं पाणी मी न चुकता झाडाला घालते, तरी असं का व्हावं?'

नमस्कार,

तुमच्या पत्रासोबत चार फोटो आले. तीन पानांचे, एक नव्या पांढऱ्या कुंडीचा. मुळांचा एकही नाही. मला येणारी बहुतेक पत्रं अशीच असतात. पानं डोळ्यांसमोर असतात म्हणून आपण पानांबद्दल विचारतो. पण कुंडी बदलायची की नाही याचा निकाल मातीखाली लागतो आणि तो बघायला जेमतेम पाच मिनिटं पुरतात. म्हणून सासरे आणि नणंद यांना थोडा वेळ बाजूला बसवू आणि आधी मुळं बघू.

आदल्या दिवशी झाडाला पाणी घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर एखादं जुनं पोतं अंथरून त्यावर कुंडी आडवी करा. प्लॅस्टिकची आहे, तेव्हा चारी बाजूंनी तळहातानं दाबत दाबत फिरवली की माती कडा सोडते. देठांना धरून ओढायचं नाही. एका हाताची बोटं देठांच्या मधून मातीवर पसरा आणि दुसऱ्या हातानं कुंडी उपडी करा, वाटीतून भाताची मूद काढतो तशी. निघाली की त्या मुदीकडे नीट बघा.

माती जास्त आणि मुळं अधूनमधून दिसली, पांढरट आणि टणक, तर कुंडी लहान झालेली नाही. मूद परत कुंडीत ठेवा आणि दुखणं दुसरीकडे शोधा. माती जवळजवळ दिसतच नाही, नुसतं मुळांचं जाळं आहे आणि तळाशी तर मुळांची गोल गोल फिरून चुंबळ झालेली आहे, असं असेल तर झाडाला खरोखर जागा हवी आहे. तिसरी शक्यता वाईट. मुळं तपकिरी, लिबलिबीत, चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी तार उरते, शिवाय कुजका वास. ही मुळकूज. ती दिसली तर महिना कुठला, नक्षत्र कुठलं, वाढदिवस कधी, काही बघायचं नाही. त्याच दिवशी कुजलेला भाग स्वच्छ कात्रीनं कापून, नव्या कोरड्यासर मातीत, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत लावायचं. बहुतेक वेळा ती कुंडी आधीपेक्षा लहान निघते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेचा आहे. पीस लिली दोन कारणांनी मान टाकते, तहानेनं आणि कुजण्यानं. दिसायला दोन्ही सारखंच असतं, म्हणून घोटाळा होतो. माती ओली असताना झाड पडलेलं असेल तर घाबरायचं. तुमचं झाड पाणी प्यायल्यावर उठतं, म्हणजे मुळं अजून कामावर आहेत. मात्र पाणी लगेच ताटलीत येतं त्याची कारणं दोन असू शकतात. एक, मुळांनी जागा भरून माती उरलीच नाही. दोन, इतक्या वर्षांची माती सुकून आक्रसली, तिच्यात आणि कुंडीच्या कडेत फट पडली आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. हे तपासायला कुंडी बादलीतल्या पाण्यात काठापर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. त्यानंतर झाड चार-पाच दिवस ताठ राहिलं तर माती कोरडी पडत होती. दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा मान टाकली तर माती उरलेली नाही. काहीही निघालं तरी मे महिनाभर ही बादलीतली आंघोळ आठवड्यातून एकदा चालू ठेवा, त्यावर हा महिना निभावेल.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही थोड्या अभिमानानं लिहिली आहे, तिच्याबद्दल. आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी वाया जाऊ नये ही तुमची भावना मला पटते, साताऱ्यात आमच्या सोसायटीतही निम्म्या घरांत हेच चालतं. पण ते यंत्र करतं काय? आलेल्या पाण्यातले क्षार काढून तुम्हाला गोडं पाणी देतं आणि काढलेले क्षार त्या दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं. म्हणजे मूळ पाण्यापेक्षा जास्त खारट पाणी तुम्ही रोज एका आठ इंची कुंडीत ओतता आहात. पाणी उडून जातं, थोडं झाड पितं, क्षार मागे राहतात. मिरज, वाळवा, पलूसकडच्या क्षारपड जमिनी तुमच्याकडे कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत; तुमच्या हॉलमध्ये तेच एका कुंडीत चाललंय. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खपली आली आहे का ते बघा. फोटोत मला ती दिसल्यासारखी वाटते. करपलेली टोकं मला कुंडीच्या मापापेक्षा त्या पाण्याची वाटतात, आणि कुंडी चौदा इंची काय, चाळीस इंची केली तरी ती करपतच राहतील.

उपाय सोपा आहे. ते पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा. झाडाला नळाचं पाणी, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. एकदा बाथरूममध्ये नेऊन कुंडीतून तिच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू वाहू द्या. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते, म्हणजे आठ लिटर पाणी. साचलेले क्षार बऱ्यापैकी धुऊन जातात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गच्चीवर बादली ठेवा. पावसाच्या पाण्यासारखं पाणी या झाडाला दुसरं नाही. करपलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, कात्रीनं पानाच्या आकारात छाटून टाकली तरी चालतात.

खालची पिवळी पानं म्हणजे म्हातारपण. महिन्याला एखाद-दुसरं पान असं जात असेल तर काढून टाका आणि विसरा. फुलाचं कारण बहुधा उजेड. पीस लिली सावलीत जगते म्हणून आपण तिला टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतो, आणि ती तिथे जगतेही, पण फुलत नाही. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, जिथे दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो, अशी जागा द्या. आणखी एक गंमत. नर्सरीतली पीस लिली पुष्कळदा जिब्रेलिक अ‍ॅसिड हे झाडांचं संप्रेरक देऊन फुलवलेली असते, म्हणून विकत आणताना तिला पाच-सहा फुलं असतात आणि घरी आल्यावर ती रुसल्यासारखी वाटते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला 'जीए' म्हणा, लगेच कळेल.

आता सासरे. त्यांचं 'झाड हलवू नये' हे वाक्य तुम्ही जुन्या माणसाचा हट्ट म्हणून लिहिलं आहे. मला ते अर्धं बरोबर वाटतं, आणि बरोबर असलेला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी मुळांची केसासारखी बारीक टोकं तुटतात, आणि पाणी ओढायचं काम मुख्यतः तीच करतात. ती नव्यानं फुटेपर्यंत दहा-पंधरा दिवस झाड कमी पाण्यावर असतं. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो, हवा कोरडी असते, पानातून पाणी भराभर उडत असतं. खालून येत नाही आणि वरून जातंय. कढीपत्ता त्यातच गेला. त्यात त्याचं सोटमूळ खोल जातं; ते एकदा दुखावलं की तो सहसा माफ करत नाही. सासऱ्यांनी चुकीचा महिना बघितला आणि त्यावरून सगळ्या महिन्यांबद्दल निष्कर्ष काढला, एवढंच. ज्या माणसानं पाणी चढत असताना ही कुंडी उचलून वर नेली, त्याला या झाडाबद्दल बोलायचा हक्क आहे. आणि तेव्हा हलवलेलं झाड जगलंच की, हेही त्यांना हळूच आठवून द्या.

मग योग्य महिना कुठला? इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात. त्यांचा वसंत म्हणजे बर्फ वितळून ऊब यायची वेळ. आपण तो मार्च-एप्रिल तसाच उचलतो आणि झाड ऐन उन्हाळ्याच्या तोंडी देतो. आपल्याकडे पानांच्या झाडांना सगळ्यात चांगली वेळ मृग लागल्यानंतरची. ७-८ जूनला मृग निघतो, पण तारखेवर जाऊ नका. दोन-तीन बरे पाऊस होऊन हवेतली धग गेली, दार-खिडक्या फुगायला लागल्या की समजा. तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत कधीही. वळवाचा एक पाऊस पडला म्हणून घाई करू नका, वळवानंतर पुन्हा चार दिवस तापतंच. दुसरी संधी शिवरात्रीनंतर, थंडी 'शिव शिव' म्हणत गेली की पुढचे दोन-तीन आठवडे. आमच्या सातारा जिल्ह्यात सरसकट नियम सांगता येत नाही. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर-पाचगणीला जुलैत घरातली माती आठ-आठ दिवस वाळत नाही, तिथल्यांनी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात हे काम काढावं. माण-खटावच्या आणि तुमच्या जत-आटपाडीच्या वाचकांनी पहिल्या पावसाची वाट बघण्यापेक्षा हवा दमट झाली का एवढं बघावं.

राहिली नणंदबाईंची कुंडी. त्यांनी प्रेमानं पाठवली आहे, सुंदरही आहे, आणि पीस लिली तिच्यात लावलीत तर पावसाळा संपायच्या आत झाड जाईल अशी मला भीती आहे. भोक नाही हे एक कारण. दुसरं माप. आठ इंचांवरून चौदा म्हणजे ऐकायला दुपटीच्या आत, पण रुंदी वाढते तशी खोलीही वाढते, त्यामुळे माती साधारण पाचपट बसते. मुळं तेवढीच. ती पाचव्या हिश्श्यातलं पाणी पिणार आणि उरलेली चार हिस्से माती ओलीच्या ओली राहणार. मोठं घर दिलं की झाड मोठं होईल असं आपल्याला वाटतं, कारण माणसाचं तसं असतं. मी स्वतः एकदा एक नाजूक सिंगोनियम ऐसपैस राहू दे म्हणून सोळा इंची कुंडीत लावलं होतं. श्रावण उजाडायच्या आत देठ मातीच्या वर काळे पडले. उपसून बघितलं तर मूळ कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळेना.

आठवरून दहा इंचांवर जा. दहा इंचीत माती जवळजवळ दुप्पट मावते आणि तेवढी पुरे. घरातल्या पानांच्या झाडांना साधारणपणे एका वेळी दोन इंचांची वाढ पुष्कळ होते.

'तळाला खडी घालून भोक नसलेली कुंडी चालवता येते' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खडी, विटांचे तुकडे, थर्माकोल, सगळं मी लोकांच्या कुंड्यांतून उपसलेलं आहे. भांडी घासायचा स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडं गळून गळणं थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. मातीचंही असंच असतं. तळाशी ठरावीक उंचीपर्यंत ती पाणी धरूनच ठेवते, आणि खाली खडी आली की ती ओली पट्टी खडीच्या वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. खडीनं कुंडी उथळ होते, निचरा वाढत नाही. भोकावर एक खापरीचा तुकडा, बाक वर करून, किंवा जाळीचा चौकोन ठेवा. माती वाहून जाऊ नये एवढंच त्याचं काम.

मग १८ तारखेचं काय? झाड आहे त्याच प्लॅस्टिकच्या कुंडीत राहू द्या आणि ती कुंडी अख्खी त्या पांढऱ्या कुंडीत ठेवा. खाली एक वीट किंवा उपडी घातलेली जुनी ताटली, म्हणजे काठ बरोबरीला येईल. भोवती फट राहील तिथे नारळाच्या शेंड्या पसरा. नणंदबाईंना त्यांची कुंडी हॉलमध्ये दिसेल, सासऱ्यांच्या झाडाची कुंडी कुणी बदललेली नसेल, आणि तुम्ही कुणाशी खोटंही बोललेलं नसेल. विचारलं तर सांगा, जूनमध्ये कुंडी बदलतोय, नवी दहा इंची कुंडीसुद्धा ह्याच्याच आत बसेल. एक पथ्य मात्र पाळा. आतल्या कुंडीतून झिरपलेलं पाणी पांढऱ्या कुंडीत साचतं. ते आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतीलच आणि पावसाळ्यात डेंग्यूचे डासही घरातच पाळल्यासारखं होईल. ड्रिलनं भोक पाडून आणतो असं तुमचे यजमान म्हणतील. चकचकीत सिरॅमिक तडकायची शक्यता बरीच असते, वाढदिवसाच्या तोंडावर हा खेळ नको.

जूनमधलं काम एका सकाळचं आहे. आधी माती. तुमच्याकडची काळी माती उसाला सोनं आहे, कुंडीत मात्र नको. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, मुळांना मध्ये हवाच मिळत नाही. कृष्णाकाठचा पोयटा सुपीक खरा, पण एकटा घातला तर बारीक असल्यामुळे बसून जातो. मी पीस लिलीला असं मिश्रण देते: दोन भाग पोयटा किंवा लाल माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत, एक भाग धुतलेली कच. कच म्हणजे बांधकामाची, दगडाची भरड. बादलीत तीन-चार पाण्यांनी धुवा, वरची राखेसारखी पूड गेली पाहिजे. भाताचं तूस मिळालं तर कचीऐवजी तेही चालतं. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते, तेव्हा एक पुष्कळ झाली. तीही एकदा धुऊन पिळून घ्या, स्वस्तातल्या विटांत मीठ असतं, आणि तुमच्या कुंडीला आणखी मीठ नको आहे. मिश्रण मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोट लावलं की फुटावा.

कुंडी मातीची घेतलीत तर रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर कोरडी खापर पहिलं पाणी स्वतःच पिते. तुमच्या उन्हाळ्यात मातीच्या कुंडीला जवळजवळ रोज पाणी लागतं. तुम्ही लिहिता तसं दिवसा तुम्ही शाळेत, सासरे दुपारी झोपलेले. मी तुमच्या जागी असते तर प्लॅस्टिकचीच घेतली असती.

मूद काढल्यावर तळाची चुंबळ बोटांनी हलके मोकळी करा. अगदीच घट्ट असेल तर धारदार सुरीनं तीन-चार बाजूंनी उभ्या चिरा द्या. हे करताना जीव खालीवर होतो, पण ती मुळं तशीच गोल राहिली तर नव्या मातीत शिरतच नाहीत आणि दोन महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. मधोमध नर्सरीतल्या लाल मातीचा घट्ट गोळा अजून शिल्लक असायची शक्यता आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून आलेल्या झाडांत तो हमखास सापडतो. बाहेरची भुसभुशीत माती ओली आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत, असं होतं. झाड बादलीत बुडवून तो गोळा जमेल तेवढा विरघळवा. नव्या कुंडीत झाड आधी जितकं खोल होतं तितकंच खोल बसलं पाहिजे, देठ मातीत गाडायचे नाहीत. वर इंचभर जागा मोकळी. माती अंगठ्यानं ठोकून बसवू नका. कुंडी दोनदा आपटली की बसते तेवढी बसते, बाकीचं पाणी करतं.

तेवढ्यात एक गोष्ट बघा. इतक्या वर्षांच्या पीस लिलीला उसासारखे फुटवे आलेले असतात. ज्याला स्वतःची मुळं आहेत असा एखादा फुटवा हातानं सहज वेगळा होत असेल तर करा. मोठा भाग दहा इंचीत, छोटा भाग धुतलेल्या जुन्या आठ इंचीत किंवा त्याहून लहानात. छोटा पुण्याला जाऊ शकतो. किंवा सासऱ्यांच्या खोलीत. ते तुम्ही ठरवा, घरातलं राजकारण मला पत्रातून जेवढं कळलं त्यावरून मी काही बोलत नाही.

बाळाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. पीस लिली अळूच्या कुळातली. ते पांढरं 'फूल'सुद्धा खरं तर रूप बदललेलं पान आहे. अळू खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि ते हिच्यात, मनीप्लांटमध्ये, मॉन्स्टेरात, डिफेनबॅकियातही असतात. अळू आपण चिंच घालून, शिजवून खातो. हे पान मुलानं कच्चं चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजू शकते. काम झालं की हात साबणानं धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

अशाच प्रश्नाची आणखी पत्रं पडून आहेत, त्यांना इथेच थोडक्यात. स्नेक प्लांट आणि झीझी यांना दाटीत राहायला आवडतं. कुंडी फुगली किंवा तडकली की बदला, तोवर नाही. अरेका पामची मुळं विंचरू नका, मूद जशीच्या तशी उचलून ठेवा. रबर प्लांटची कुंडी दोघांनाही उचलत नसेल तर वरची दोन-तीन इंच माती खरवडून नवी घाला, वर्षातून एकदा तेवढ्यावर भागतं. पांढरा चीक कपड्यांना लागू देऊ नका, डाग जात नाही. आणि ज्यांना झाड मोठं करायचंच नाही त्यांनी बाहेरच्या मुळांचा चौथा हिस्सा छाटून त्याच कुंडीत नव्या मातीत लावावं. काल आणलेलं झाड आजच बदलायची सवय मात्र सोडा, त्याला तुमच्या घरच्या हवेत दोन-तीन आठवडे तरी राहू द्या.

परत तुमच्याकडे. कुंडी बदलल्यावर एकदा भरपूर पाणी, खालून वाहेपर्यंत. मग झाड पंधरा दिवस उन्हाच्या झोतापासून लांब. खत दीड महिना नको. गांडूळ खत मातीत आहेच आणि तुटलेल्या मुळांना युरियाचे दाणे म्हणजे जखमेवर मीठ. पुढचं पाणी तारीख बघून घालायचं नाही. बोटाचं दुसरं पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. हे बोट घालायचं काम सासऱ्यांकडे द्या. ते रोज बघतील, आणि मला वाटतं त्यांना तेच हवं आहे.

पहिले तीन-चार दिवस झाड मान टाकेल. तेव्हा घरात कुणीतरी 'बघ, मी सांगितलं होतं' म्हणेल आणि तुमचा हात तांब्याकडे जाईल. माती ओली असेल तर तांब्या खाली ठेवा. आठवडा उलटूनही पानं तशीच पडलेली असली तर मला पुन्हा लिहा, आणि या वेळी फोटो मुळांचा पाठवा.